कडी

लतीफ मिस्त्री जाताना एवढंच विचारून गेला,
"ही खिडकी बुजवायची का ठेवायची?"
गंगाखेडला स्लॅब होता त्याचा,
आठ दिवसांत येतो म्हणाला.
आज एकविसावा दिवस.

गुत्तेदार फोन उचलत नाही.
उचललाच तर म्हणतो, "बारीकसारीक राहिलंय, वहिनी."
बारीकसारीक म्हणजे
मोरीला जाळी नाही, आरशाला खिळा नाही,
बटनाच्या डब्यातून तीन वायरी
जिभा काढून बसलेल्या.
मानवतला नळ दहा दिवसांनी,
म्हणून नव्या भिंतींची तराई मी केली
भाजी धुतलेल्या पाण्यानं,
गोणपाट ओलं करून, लहान मुलाच्या तापासारखं
पुन्हा पुन्हा हात लावून बघत.

खोली घराला मागून चिकटली
तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी
जागची न हलता घराच्या आत आली.
दिवाळीपर्यंत तिच्यातून जिनिंगचा कापूस उडत यायचा.
आता पलीकडं कच्चा गिलावा दिसतो,
आणि उद्या-परवा कुमुदताई दिसतील.
त्यांच्या दोन बॅगा आणि शिलाई मशीन
आधीच येऊन आमच्या कपाटाशी उभ्यायत.
कायमच्या का,
हे घरात कुणी मोठ्यानं विचारलेलं नाही.

श्रीरंग म्हणाला, "बुजवू. आवाज जातो."
कुणाचा, कुणीकडं, ते नाही बोलला.

रविवारी केबलवाल्या नदीमचं ड्रिल मशीन आणलं.
पन्नास रुपये, आणि बिट मोडला तर नवा.
पहिलं भोक आरशासाठी.
भिंत आधी किती मऊ असते
आणि मग एकदम किती नाही!
विटेचा लाल भुगा भुवयांवर बसला.
गिट्टी ठोकली, ती आत गेली ती गेलीच,
मग काड्यापेटीतल्या चार काड्या कोंबून वेळ मारून नेली.
आरसा बसला. जरा डावीकडं कलतो.
बघताना आपली मान आपोआप तिरकी होते,
म्हणजे सरळच दिसतं.

मेन बंद करून बटनं लावली, ती उलटी लागली.
वर केलं की उजेड.
होईल सवय.

मग खिडकी.
दुपारभर पॉलिश पेपर घेऊन बसले.
वरचा पिस्ता, त्याखाली चॉकलेटी,
त्याखाली कसला तरी निळा, माझ्या लग्नाआधीचा,
त्याखाली सागवान, वास अजून शाबूत.
कडीपाशी येऊन हात थांबला.
कडी आमच्या बाजूला.
पंधरा वर्षं मीच ती रात्री लावत आले,
मांजरासाठी, पावसाच्या झडीसाठी,
कधी काही वाटलं नाही.

मी पोस्टात खिडकीमागंच बसते.
दीड वाजता फळी ओढून घेते,
पलीकडची माणसं घड्याळाकडं बघत राहतात.
कडी कुठल्या बाजूला असते
हे मला नव्यानं कुणी सांगायला नको.

चार स्क्रू. तीन निघाले.
चौथ्याचा माथा गुळगुळीत, पेचकस नुसताच फिरतो.
खोबरेल सोडलं. फुंकलं.
पोस्टात कुणी ऐकली नसेल अशी एक शिवी घातली
आणि पकडीनं लाकूड चिवडत चिवडत काढला.
पलीकडं जाऊन, सिमेंटच्या गोणीवर उभी राहून,
तीच कडी तिकडून बसवली.
बंद केली. उघडली. बंद केली.
मग मी तिकडंच अडकल्यासारखी
थोडा वेळ उभी राहिले.

बुधवारी मिस्त्री आला.
आरशापुढं मान तिरकी केली, बोलला नाही काही.
खिडकीची कडी हलवून बघितली.
"भाभी, उलट्या बाजूनं लावली की."
"बरोबर लावलीय."
त्यानं कपाटापाशी ठेवलेलं मशीन बघितलं.
बुजवायला काढलेल्या विटा
एकेक करत बाहेर नेऊन रचल्या.
जाताना खिशातून एक लांब स्क्रू काढून दिला,
"खालचा ढिला आहे. हा लावा."

आमच्या बाजूची चार भोकं लांबीनं भरली.
तीन बुजली.
चौथ्यात रोज थोडी भरते,
वाळली की पुन्हा खळगा.